साडूची बास गिटार आणि माझा अर्धा इंच

माझ्या साडूला बास गिटार मिळाल्याची बातमी बायकोने मेथी निवडता निवडता सांगितली.

"धाकटीचा फोन होता. त्यांना कुणी मास्तरांनी गिटार दिलीय म्हणे. चारच तारा, त्याही दोरीसारख्या जाड. कुठली आहे, कशी आहे ते बघायला तुम्ही कधी येता, विचारत होते."

"कुठल्या मास्तरांनी?"

"मिरजगावच्या अलीकडे वस्तीवर राहतात ते. शाळेत चित्रकला शिकवायचे."

मी हातातला कप खाली ठेवला. बायकोने मेथीतून मान वर काढली नाही, ते बरं झालं. त्या वेळी माझं तोंड कसं झालं असेल ते मला आरशाशिवाय कळत होतं.

आम्ही नगरला सावेडीत राहतो. मी एका तंत्रशिक्षण संस्थेत फिटरचं काम शिकवतो. पण गेली पंधरा-सोळा वर्षं माझा जीव जुन्या बास गिटारींत अडकलेला आहे. बास म्हणजे गिटारीची थोरली बहीण. खर्जात वाजते, गाण्याच्या खालून चालते, ऐकणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष नसतं; पण ती थांबली की गाणं पोकळ लागतं. कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात बास वाजवायचो. पुढे ऑर्केस्ट्रे कमी झाले, कीबोर्डवाले डाव्या हातानेच बासचं काम उरकायला लागले, आणि मी वाजवण्याकडून ओळखण्याकडे वळलो. कुणाच्या माळ्यावर, कुठल्या बँडपथकाच्या खोलीत धूळ खात पडलेली गिटार निघाली की तिचे फोटो मला येतात. मग मी सांगतो, बॉडी जपानची आहे, दांडी दुसऱ्याच कुठल्या गिटारीची आहे, तारा पिळायच्या चाव्या नंतर कुणीतरी बसवल्यात, तारांचा आवाज उचलणारा पिकअप कलकत्त्याचा आहे. स्क्रूचं डोकं कसं आहे, जुनी भोकं काडीने बुजवलीत का, रंगावर कुठे आधीच्या पट्टीची सावली राहिलीय, असल्या गोष्टींवरून हे कळतं. नगर जिल्ह्यात हे कळणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातला अंगठा मी, असं मी मनात धरून चाललो होतो.

माझी स्वतःची बास मात्र नवी. जुन्या धाटणीची, कोपऱ्यांवरचा रंग कारखान्यातच झिजवून दिलेली. खरी जुनी मला कधी मिळाली नाही.

आणि त्या मास्तरांकडे मी दोनदा जाऊन आलो होतो.

तीन वर्षांपूर्वी एका निवृत्त गायकाने मला सांगितलं होतं, की त्यांच्या ऑर्केस्ट्रातले बासवाले मास्तर अजून आहेत, आणि त्यांची बासही आहे, जगावेगळ्या आकाराची. पुढच्याच रविवारी मी मोटारसायकलवरून मिरजगावच्या रस्त्याला लागलो. मास्तरांनी चहा दिला, लाकडी पेटी आणली आणि झाकण अर्धं उघडलं. मला दिसलं ते एवढंच: मधासारखा रंग कडेला जाता जाता काळपट लाल होत गेलेला, वरचं शिंग खालच्यापेक्षा लांब आणि आत वळलेलं, मध्ये स्टीलचं झाकण. मी विचारलं, मागे नंबर आहे का, दांडीचे स्क्रू कधी काढलेत का, मी काढून बघू का. मास्तरांनी झाकण लावलं. "विकायची नाही," ते म्हणाले. मी विकत मागितलीही नव्हती. दुसऱ्यांदा पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढे घेतले, तुरीवर पडलेल्या अळीबद्दल अर्धा तास बोलले, आणि पेटीचा विषयच काढला नाही.

तीच गिटार माझ्या साडूला मिळाली होती. न मागता.

साडूचं कर्जतला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारी येतात, तो त्यांच्यातली जुनी तार काढून नवी भरतो. शिक्षण दहावी. गिटारीशी संबंध शून्य. भजनात पखवाज वाजवतो, तेवढाच. पण माणूस असा, की सासरी गेलो की सगळे त्याच्याभोवती. सासऱ्यांचा पंखा तोच दुरुस्त करतो, सासूबाईंची गिरणी तोच चालू करून देतो. तिथे त्याला सगळे "दाजी" म्हणतात. मी थोरला जावई, पण मला सगळे "सर" म्हणतात आणि पाण्याचा तांब्या आणून देऊन परत त्याच्याकडे जातात. हे मला आधीपासून सलत होतं. बास म्हणजे त्यावरची कडी.

रविवारी मी कर्जतला गेलो. दुकानात वार्निशचा वास होता. साडूने हात पुसले, माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि आतल्या टेबलावर पेटी ठेवली.

"मास्तरांची बोअरची मोटार जळल्ती. भरून बसवून दिली. मग च्या पिताना ही पेटी दिसली. मी म्हनलं, हे काय वो? तर म्हनले, वाजवायचो पूर्वी. म्हनलं, वाजवा की मग! बराच येळ वाजवलं त्यांनी. तारा गंजलेल्या, करंट न्हाई, काय न्हाई, नुसतीच वाजवली. मी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. उठताना म्हनले, घेऊन जा. मी नको म्हनलं, तर ऐकंनात."

"नुसतंच दिलं?"

"व्हय. लई मोठं मन हाय त्यांचं."

मी पेटी उघडली. पूर्ण. तीन वर्षं जे पाहायचं होतं ते माझ्यासमोर होतं आणि ते दुसऱ्याचं होतं.

मी एकेक भाग तपासायला लागलो. दांडी आखूड होती, बायकांच्या हातालाही पुरेल अशी, आणि वरच्या टोकाला धातूचा एक जास्तीचा आडवा पडदा, म्हणजे जुन्या जपानी कामाची खूण. डोक्यावर कंपनीचं नाव नव्हतं. जिथे पट्टी चिकटवलेली होती तिथे फक्त पिवळट डाग. चार चाव्यांपैकी तीन एका जातीच्या, चौथीचा पिळायचा पंजा वेगळा आणि तिच्याभोवती बुजवलेली दोन भोकं. खालचा ब्रिज, ज्यावर तारा टेकतात, तो पितळेचा ओतीव, खडबडीत. कुठल्या तरी भट्टीतला, पण बरोबर जुन्याच भोकांत बसलेला. आवाजाची बटणं रेडिओची. पिकअपला साडूने मीटर लावून दाखवला: काटा हलला नाही. आतली तार तुटली होती.

तेवढ्यात एक शेतकरी मोटार घेऊन आला आणि साडू बाहेर गेला. मी दांडीचे चार स्क्रू काढले. दांडी जिथे बॉडीत बसते त्या खाचेत पेन्सिलने एक खूण होती आणि खाली तीन आकडे. दांडीच्या टाचेवर तीच खूण, तेच आकडे, तेच अक्षर. म्हणजे ही दोन लाकडं पहिल्या दिवसापासून एकमेकांची होती. चावी, ब्रिज, बटणं बदलली होती, पण मूळ जोडी अभंग होती. अशा आकाराची, अशी जोडी टिकलेली बास मी फोटोतसुद्धा पाहिलेली नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. मी दांडी पुन्हा बसवली आणि स्क्रू घट्ट आवळले.

साडू आत आला. "काय म्हनती सर? खरी हाय का?"

मी खिशातली टेप काढली. वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजलं, आणि बाराव्या पडद्यापासून ब्रिजपर्यंत. दांडी आणि बॉडी एकाच गिटारीची असली तर ही दोन अंतरं सारखी भरतात. ती सारखीच भरली. मी टेप गुंडाळली आणि म्हणालो, "अर्ध्या इंचाचा फरक आहे. दांडी दुसऱ्या गिटारीची आहे, पाहुणं. बॉडी एकाची, दांडी एकाची, चाव्या तिसऱ्याच. सगळे तुकडे जोडलेत. शोभेला ठेवा."

त्याचं तोंड उतरलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही. "मास्तरांना म्हाईत नसंल," तो हळूच म्हणाला.

"नसेलच. मला सुट्या भागांसाठी उपयोगी पडेल. ठेवायची नसली तर मी नेतो."

"न्हाई न्हाई," तो म्हणाला. "दिल्याली वस्तू हाय. ऱ्हाऊ द्या."

नगरला येईपर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की त्याला नाहीतरी काय फरक पडतो. त्याला त्यातलं काय कळतं. कंटाळेल, महिन्याभरात मला फोन करेल. मी फोनची वाट पाहू लागलो. वर्गात मुलांना कानस धरायला शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे ते आत वळलेलं शिंग यायचं. बायकोने एकदा विचारलंच, "कर्जतहून आल्यापासून तुमचं काय बिनसलंय?" मी म्हणालो, पित्त झालंय.

दीड महिन्याने फोन आला, पण भलताच.

"सर, वाजायला लागली बघा! त्ये पिकअप भरलं मी."

"तुम्ही?"

"मंग काय, कॉईलच की ती. लोहचुंबक आन् भवती तार. केसापेक्षा बारीक तार मागवली, तीनदा तुटली, चवथ्यांदा जमलं. आन् आजून एक केलं, नवं. ते बी बसवलं. आता दोन पिकअप हायेत."

मी विचारलं, "दुसरं बसवलं कुठे?"

"बॉडीतच. खाच पाडली राउटरनं, लाकूड कोरायच्या मशीननं."

मी खुर्चीत बसलो. लाकडात खाच. ती बुजवता येते, पण लाकूड परत येत नाही.

"आधी मास्तरांना विचारून आलो हां," तो पुढे सांगत होता. "म्हनलं, सर म्हनत्यात तुकडं जोडलेली हाय, मंग खाच पाडली तर चालंल का? तर म्हनले, तुझी हाय, तू काय बी कर. पन सर, तवापासून मास्तर नीट बोलंनात माझ्याशी. आजून एक विचारायचं हुतं. तारा लावताना मी मोजलं, दोनदा मोजलं. ह्यो अर्धा इंच मला काय घावंना. आन् दांडी काढली तर आत पेन्सिलीनं काय तरी लिवलंय. दोन्हीकडं सारखंच हाय. तुमी बघितलं न्हाई का?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता, मला वाट करून देत असल्यासारखा आवाज होता. मी ती वाट धरली. म्हणालो, "टेप जुनी आहे माझी, चुकली असेल." आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात मला गिटारीपेक्षा मास्तरच जास्त आठवले. चाळीसएक वर्षं ज्या माणसाने ती बास पाठीवर वागवली, त्याला मी साडूच्या तोंडून निरोप पाठवला होता, की तुझ्याकडे होतं ते जोडाजोडीचं आहे. आणि त्याने तो खरा मानला होता, कारण तो एका सरांनी पाठवला होता.

पुढच्या रविवारी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "धाकटीला मी काही सांगणार नाही. तुम्ही जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगा." मी निघालो.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्यानेच सांगितलं. टेप बरोबर होती, खूण मी पाहिली होती, मी मुद्दाम खोटं बोललो. साडू मोटारीच्या खाचांत तार भरत होता. त्याने ती फेरी पूर्ण केली, टोक कापलं आणि मग वर बघितलं.

"का पन?"

"मला हवी होती."

"मंग मागायची."

"मागून मिळाली नसती."

"मला मागायची हुती सर," तो म्हणाला. मग उठला, पेटी खांद्याला लावली आणि शटर ओढलं. "चला मास्तरांकडं."

त्याच्या जीपमधून आम्ही वस्तीवर पोचलो. मास्तर ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी मला ओळखलं. "पेढेवाले," ते म्हणाले. मी सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"चौथी चावी जामखेडच्या रस्त्यावर तुटली," ते म्हणाले. "जीपच्या टपावरून पेटी पडली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. एका मोडक्या गिटारीची काढून बसवली. ब्रिज माझ्या एका विद्यार्थ्याने एमआयडीसीत ओतला. बटणं माझ्या रेडिओची. ते मला सगळं माहीत आहे. पण दांडीबद्दल तुम्ही म्हणालात तेव्हा मला वाटलं, ज्याने मला ही दिली त्याने फसवलं. तो माझा मित्र होता. आता नाही तो. हा महिनाभर मी त्या मेलेल्या माणसावर रागावून बसलोय, कळतंय तुम्हाला?"

त्यांनी आतून एक दुरेघी वही आणली आणि माझ्यापुढे टाकली. "लिहून द्या. काय मूळचं, काय नंतरचं. सही करा. आजवर तोंडी बोललात, आता लिहा."

मी लिहिलं. एवढं काळजीपूर्वक मी कधीच काही लिहिलं नव्हतं. दांडी काढून त्यांना ती खूण दाखवली. त्यांनी बोट तिच्यावर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. शेवटी नव्या खाचेपाशी आलो तेव्हा माझं पेन थांबलं. साडू म्हणाला, "लिवा की. दुसरं पिकअप, कर्जतला केलेलं." मी ते लिहिलं, आणि त्याखाली, ही खाच माझ्या खोट्या सांगण्यामुळे पडली, असंही लिहिलं. मास्तरांनी वाचलं. "हे शेवटचं नको," ते म्हणाले, आणि मग थोडा विचार करून, "नाही, असू दे."

त्यांनी साडूला वाजवायला सांगितलं. त्याने छोटा स्पीकर आणलाच होता. त्याला स्वरांची नावं येत नव्हती, दोनच तारांवर बोटं होती. पण ठेका पखवाजाचा होता, कुठे थांबायचं ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. खर्ज असा गोल आणि दाट यायचा, की ओसरीवरचं पातेलं थरथरायचं. मास्तर मांडीवर बोटं वाजवत होते. आणि मी, एवढं सगळं कबूल करून बसलेला मी, तिथे बसून पुन्हा जळत होतो. त्याच्या बोटांवर, त्याने भरलेल्या कॉईलवर, मास्तर ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होते तिच्यावर. वाटलं होतं, खरं बोललं की हे जाईल. गेलं नाही.

परतताना कर्जतच्या अलीकडे साडूने जीप थांबवली. "मला राग आलाय सर," तो समोर बघत म्हणाला. "लई आलाय. दोन-चार महिने ऱ्हाईल. घरी कोनाला सांगनार न्हाई मी. पन आता जेवून जा, पिठलं केलंय." मी जेवलो. त्या दिवशी त्याने मला वाढलं, पण माझ्याशी बोलला नाही. मेहुणीला वाटलं, दोघंही दमलेत.

तो राग सहा महिने टिकला. मग एक दिवस त्याने फोन करून विचारलं, दांडी जरा वाकलीय, सरळ कशी करायची. मी जाऊन करून दिली. आता तो नवरात्रात गावच्या मंडळात बास वाजवतो, भजनातसुद्धा एकदा वाजवली, त्यावरून थोडी कुरकुर झाली. सासरी त्याच्याभोवती आता आणखी माणसं असतात.

गेल्या महिन्यात तो कुटुंबासह तुळजापूरला गेला. जायच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि पेटी माझ्या हातात दिली. "चार दिस ठिवा तुमच्याकडं," तो म्हणाला, "वाजवा." मी वाजवली. घरात कुणी नसताना, सकाळी, दार लावून. त्याच्यासारखी वाजली नाही, पण वाजली.

चौथ्या दिवशी तो परत आला आणि त्याने फोन केला. मी सांगितलं, संस्थेत परीक्षा आहेत, सवड नाही, आणून देतो. परीक्षा नव्हत्या. मी ती तीन दिवस उशिरा परत केली.